मुक्या रुग्णाभोवतीची माणसे

मे महिन्यात सोलापूरचा पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यातला फोन दुपारच्या वेळी अधिक वाजू लागतो. कुत्रा जोरजोरात धापा टाकतो आहे, लाळ गळते आहे, पायांवर उभा राहत नाही, आम्ही त्याला घेऊन निघालो आहोत, असे पलीकडून कोणी घाबऱ्या आवाजात सांगते. अशा वेळी फोन घेणाऱ्या व्यक्तीने ‘लवकर या’ एवढेच म्हटले, तर उपचारातला सर्वांत मोलाचा वेळ वाटेतच संपतो. जाणकार कर्मचारी आधी सांगतो की निघण्यापूर्वी त्याला सावलीत घ्या, पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू पाण्याने भिजवा, पंख्याचे वारे लागू द्या आणि मग गाडीत घाला. आधी थंडावा आणि मग प्रवास, हा क्रम आता पशुवैद्यकशास्त्रात मान्य झाला आहे, कारण उष्माघातातील हानी शरीर किती तापले यावर जशी अवलंबून असते, तशीच ते किती वेळ तापलेले राहिले यावरही असते.

निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायांना थोडाफार येतो तेवढाच. जीभ, तोंड आणि श्वसनमार्गातील ओलावा वाफेच्या रूपाने बाहेर टाकणे, म्हणजेच धापणे, हा त्याचा मुख्य आधार असतो. भोवतालची हवाच शरीरापेक्षा गरम झाली, की नुसत्या वाऱ्याने उष्णता बाहेर जात नाही आणि बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. येथे सोलापूरची कोरडी हवा मदतीला येते, कारण कोकणातल्या दमट हवेपेक्षा तिच्यात पाणी फार वेगाने उडते आणि उडताना अंगातील उष्णता सोबत नेते. याच कारणाने ओला टॉवेल कुत्र्याच्या अंगावर पांघरून ठेवणे चुकीचे ठरते. थोड्याच वेळात तो गरम होतो आणि खालची वाफ अडवून धरतो. दवाखान्यात पोहोचल्यावर मदतनीस दर काही मिनिटांनी गुदद्वारातून तापमान घेत राहतो आणि ते 103 अंशांच्या आसपास आले की पाणी थांबवतो, कारण त्यानंतरही ते काही काळ आपोआप उतरत राहते आणि प्राणी गारठू शकतो.

पण तापमान उतरले म्हणजे धोका टळला असे नसते. 106 अंशांच्या वर गेलेल्या शरीरात आतड्याचे अस्तर दुखावते, तेथील जीवाणू आणि त्यांची विषे रक्तात शिरतात, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते आणि मूत्रपिंडे थकतात. हे सारे पुढच्या एक-दोन दिवसांत उघड होते. हिरड्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटले आहेत का, शौचात रक्त आहे का, लघवी झाली का आणि किती, हे रात्री दोन वाजता पाहणारा माणूस बहुधा डॉक्टर नसतो, तर रात्रपाळीचा परिचर असतो. लघवी झालेली नाही ही बातमी त्याने वेळेत कळवली, तर मूत्रपिंडे वाचवण्यासाठी काही करता येते. पशुवैद्यकाच्या ज्ञानाइतकेच, किंबहुना काही रात्री त्याहून अधिक, या नजरेवर रुग्णाचे भवितव्य ठरते, आणि तरीही पशुआरोग्यावरील लेखनात या माणसांचा उल्लेख क्वचितच येतो, हे मला मोठे उणेपण वाटते.

पशुवैद्यकाचे शिक्षण साडेपाच वर्षांचे असते. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर येथे त्याची महाविद्यालये आहेत आणि 1984च्या कायद्यानुसार व्यवसायासाठी पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये पशुपरिचारिकांचीही अशीच नोंदणी होते. आपल्याकडे पाळीव प्राण्यांच्या खासगी दवाखान्यांतील मदतनीस बहुतांशी पाहून पाहूनच काम शिकतात. म्हणून ‘असे करा’ या सूचनेसोबत त्यामागचे कारणही त्यांच्यापर्यंत पोहोचणे अत्यंत गरजेचे आहे.

नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या व्यक्तीचेच उदाहरण घ्या. सोलापुरात तिला मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि दखनी वळणाची हिंदीही समजावी लागते, कारण तिने विचारलेल्या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून असू शकते: घरी काही औषध दिले का? तापासाठी माणसे सहज घेतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष आहे. हे औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकणारी यकृतातील एक रासायनिक प्रक्रिया मांजरात अत्यंत क्षीण असते. परिणामी औषधाचे घातक अवशेष साचतात आणि तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचे रूपच बदलून टाकतात, त्यामुळे ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. हिरड्या गुलाबीच्या तपकिरी दिसू लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरेशी असते. उलट पहिल्या काही तासांत ॲसिटिलसिस्टीन हा उतारा मिळाला, तर ते वाचू शकते. मालक ही गोष्ट आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने ते साधे औषध असते.

या जिल्ह्यात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा, तो द्राक्षे आणि बेदाण्यांचा. नान्नज, पंढरपूर या भागांत बागा आहेत, बेदाण्याची शेड आहेत आणि राखणीला कुत्रीही आहेत. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी होतात. त्यामागे फळातील टार्टरिक आम्ल असावे, याकडे पशुवैद्यकांनी 2021 मध्ये लक्ष वेधले. हे आम्ल वाणानुसार आणि पिकण्यानुसार कमी-जास्त असल्याने किती मणी सुरक्षित हे सांगता येत नाही. खाऊन तास-दोन तास झाले असतील तर डॉक्टर उलटी करवू शकतात. नुसते ‘सकाळपासून उलट्या आहेत’ एवढेच कागदावर आले, तर ती संधी निघून जाते.

प्राणी तपासणीच्या टेबलावर आला, की त्याला धरणाऱ्या हातांचे काम सुरू होते. घाबरलेल्या, झटापट केलेल्या मांजराच्या रक्तातील साखर ताणामुळे इतकी वाढू शकते, की त्याला मधुमेह असल्याचा भास व्हावा. अशा वेळी गेल्या एक-दोन आठवड्यांची सरासरी दाखवणारी फ्रुक्टोसामिनची तपासणी करावी लागते, म्हणजे मालकाचा खर्च वाढतो. मानगूट आवळून धरण्याऐवजी मांजराला टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळले, कुत्र्यांपासून दूर बसवले आणि पिंजऱ्याचे वरचे झाकण काढून आहे तिथेच तपासले, तर हृदयाचे ठोकेही खरे मिळतात आणि आकडेही. एक्स-रे काढताना मात्र शक्य तेथे भूल देऊन प्राण्याला टेबलावर ठेवावे आणि माणसाने मागे व्हावे. अंतर दुप्पट झाले की किरणांची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते.

वेदना ओळखण्याचे कामही आता अंदाजावर राहिलेले नाही. माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक श्रेणी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळे किती मिटले आहेत, मुस्कटाचा ताण, मिशांची दिशा आणि खांद्यांच्या तुलनेत डोक्याची उंची या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायचे आणि बेरीज 10 पैकी 4 किंवा अधिक झाली, तर वेदनाशामकाचा विचार करायचा. शस्त्रक्रियेनंतर पिंजऱ्यात शांत बसलेले मांजर ‘शहाणे’ असल्याचे सगळे म्हणत असताना, कान बाहेर वळलेले आणि डोके खांद्यांच्या खाली गेलेले आहे हे टिपणारी परिचारिका तिच्या निरीक्षणाला आकड्यात मांडू शकते, आणि डॉक्टरांना त्याची दखल घ्यावीच लागते.

भुलीच्या बाबतीत तर ही नजर जीवनमरणाची असते. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे लक्ष टाक्यांकडे असते. म्हणून दुसऱ्या कोणीतरी सतत रुग्णाकडेच पाहत राहावे लागते. हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. जबडा किती सैल आहे, पापणीला स्पर्श केल्यावर ती हलते का, श्वास किती अंतराने येतो, हे यंत्रांच्या बरोबरीने पाहिले जाते. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात भूल वा गुंगीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत सुमारे 0.17 टक्के आणि मांजरांत 0.24 टक्के आढळले, आणि यांपैकी जवळपास निम्मे किंवा त्याहून अधिक मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतर, बहुतांशी पहिल्या तीन तासांत झाले होते. टाके पूर्ण झाले, दिवे मालवले, आता सगळे चहाला गेले तरी चालेल, असे वाटण्याचा नेमका तोच काळ असतो.

मला सर्वांत अधिक लिहावेसे वाटते ते फरशी पुसणाऱ्या मावशींच्या कामाविषयी. कुत्र्यांतील पार्व्हो हा विषाणू 1978 च्या सुमारास ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. तो वेगाने विभागणाऱ्या पेशींवर, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर, हल्ला करतो. पिल्लाला रक्ताचे जुलाब होतात आणि त्याच वेळी पांढऱ्या पेशीही घटतात. अनेक विषाणूंना मेदाचे आवरण असते आणि ते साबणाने किंवा स्पिरिटने विरघळते; पार्व्होला ते आवरणच नसल्याने हाताला चोळायचे सॅनिटायझर आणि आपल्याकडे स्वच्छतेची खूणच मानले जाणारे फिनेल त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून पडलेला हा विषाणू फरशीच्या सांध्यात महिनोन्‌महिने टिकतो. त्याला मारते ते ब्लीच: एक भाग ब्लीचला साधारण तीस भाग पाणी आणि निदान दहा मिनिटे ओलावा. पण विष्ठा, रक्त, लाळ यांच्या संपर्कात ब्लीचमधील क्लोरीन वाया जाते, म्हणून आधी घाण काढून साबणाने धुणे आणि मगच ब्लीच हा क्रम मोडता येत नाही. उन्हात आणि उकाड्यात ब्लीचची ताकद झपाट्याने घटते. पत्र्याखालच्या खोलीत महिनाभर पडलेला कॅन सोलापूरच्या उन्हाळ्यात भरवशाचा राहत नाही, आणि पाण्यात कालवलेले द्रावण रोज ताजे करावे लागते. फिनेलचा अतिरेक मांजरांच्या कक्षात वेगळ्याच कारणाने टाळावा लागतो, कारण पॅरासिटामॉलला न पेलणारे तेच यकृत फिनॉलवर्गीय द्रव्यांनाही पेलू शकत नाही.

पार्व्होच्या कक्षात काम करणाऱ्याने निरोगी पिल्लांची कामे आधी उरकायची आणि या कक्षात शेवटी जायचे, तेही वेगळी चप्पल आणि वेगळा अंगरखा घालून. विषाणूवर थेट मारा करणारे औषध आपल्या दवाखान्यांत सहसा हाताशी नसते. सलाइन, प्रतिजैविके, उलटी थांबवणारे औषध आणि थोडे थोडे पातळ अन्न यांच्या आधाराने पिल्लाचे शरीर स्वतःच लढते. त्यामुळे सारी भिस्त सलाइन चालू राहण्यावर असते. पिल्लू पुढचा पाय दुमडून झोपते आणि थेंब थांबतो. मदतनीस तो पाय हलकेच सरळ करतो, चिकटपट्टी पुन्हा बसवतो, पट्टीखालचा पंजा सुजलेला किंवा गार तर नाही हे बोटांनी चाचपतो आणि थेंब मोजून वेग जुळवतो. तासाभराने तेच पुन्हा करावे लागते.

या माणसांच्या स्वतःच्या जिवाचाही प्रश्न आहे. पिसाळलेला, म्हणजे रेबीज झालेला कुत्रा नेहमीच अंगावर धावून येत नाही. काही वेळा त्याचा जबडा लुळा पडतो, त्याला गिळता येत नाही, लाळ गळत राहते आणि ‘घशात हाड अडकले आहे’ म्हणून मालक त्याला घेऊन येतात. तोंडात हात घालून पाहण्याची पाळी बहुधा मदतनिसावर येते. लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत विषाणू असू शकतो, म्हणून कुत्रा ओळखीचा, घरातला असल्याचा दिलासा पुरेसा नसतो. पशुवैद्यकांनी रेबीजची लस बहुधा आधीच घेतलेली असते. प्राणी धरणाऱ्या आणि कक्ष साफ करणाऱ्या प्रत्येकाला ती कामावर रुजू होतानाच मिळायला हवी. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटना, पहिल्या मात्रेचा दिवस 0 धरून, 0 आणि 7 या दिवशी दोन मात्रा सुचवते, तर भारतातील पद्धतीत 21 व्या किंवा 28 व्या दिवशी तिसरी मात्रा दिली जाते. पुढे कधी चावा बसला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन अशा व्यक्तीला 0 आणि 3 या दिवशी दोनच मात्रा पुरतात आणि जखमेभोवती द्यावे लागणारे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे औषध, लागत नाही.