फिटिंग कितीही आवळलं तरी हवा का जाते?

घरच्या वर्कशॉपमध्ये छोटा पिस्टन कॉम्प्रेसर आता बऱ्याच जणांकडे असतो, कुणी फर्निचरला स्प्रे मारायला घेतलेला असतो, कुणी नुसता टायरला हवा आणि ब्लो गनने साफसफाई एवढ्यासाठीच, आणि तक्रार सगळ्यांची एकच की काही काम चालू नसताना मशीन मधेच आपोआप सुरू होतं. म्हणजे हवा कुठेतरी जातेय. मग मोठा पाना घेऊन दिसेल ते फिटिंग आवळायला सुरुवात होते. माझं ठाम मत आहे की चुकतं ते इथेच, कारण प्रत्येक फिटिंगमध्ये हवा अडवणारी जागा वेगळी असते, कुठे ती आट्यांत (स्क्रूसारख्या पिळांत) असते, कुठे वायसरवर, कुठे आतल्या ओ-रिंगवर (रबरी कड्यावर), आणि ती जागा न ओळखता नुसता जोर लावला तर पितळ चिरतं, गळती तशीच राहते.

आधी बारीक भोकातून किती हवा जाते ते बघू, कारण ते खरं वाटत नाही. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण १.९ पटीपेक्षा जास्त असला की भोकाच्या सगळ्यात अरुंद जागी हवा थेट ध्वनीच्या वेगाने धावते, त्याच्यापुढे तिथला वेग वाढत नाही. गेज बाहेरच्या हवेच्या १ बार दाबाच्या वरचा दाब तेवढा दाखवतं, म्हणून आपल्या टाकीत गेजवर ७ बार म्हणजे खरा दाब ८ बार, म्हणजे बाहेरच्या आठपट, त्यामुळे घरच्या लाइनमधली (टाकीपुढच्या पाइप-जोडांतली) जवळपास प्रत्येक गळती याच प्रकारात बसते. हिशोब केला तर फक्त १ मिमीच्या भोकातून मिनिटाला साधारण ६० ते ७० लिटर हवा जाते (बाहेरच्या साध्या दाबाला मोजलेली). २ एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर प्रत्यक्षात मिनिटाला १५० ते २०० लिटरच्या आसपास हवा देतो, म्हणजे एक तृतीयांश कमाई त्या एका भोकात गेली! आणि भोक २ मिमीचं झालं की गळती चौपट. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीपत्रकात कारखान्यांबद्दल लिहिलंय की कॉम्प्रेसरच्या हवेपैकी २० ते ३० टक्के गळतीत वाया जाऊ शकते, आणि तिथे तर मेंटेनन्सला माणसं असतात.

आपली गळती मोजायला काहीच विकत आणावं लागत नाही. टाकी ८ बारपर्यंत भरा, मशीनचं स्विच बंद करा आणि घड्याळ बघा. ५० लिटरच्या टाकीत दाब १ बारने उतरला म्हणजे ५० लिटर हवा गेली, त्याला १० मिनिटं लागली असतील तर गळती मिनिटाला ५ लिटर, संपला हिशोब. फक्त टाकी भरल्या भरल्या मोजू नका, कारण नुकतीच दाबलेली हवा गरम असते आणि ती ५० अंशांवरून ३० अंशांवर आली तर एक थेंबही गळती नसताना गेज अर्धा बार खाली येतं. अर्धा तास थांबा, टाकी हाताला गार लागली की मग सुरुवात करा.

आता टाकीच्या तोंडाचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून तेच पुन्हा करा. दाब टिकला तर गळती पुढे लाइनमध्ये, नाही टिकला तर मशीनवरच आहे. मशीन बंद होताना प्रेशर स्विचपाशी क्षणभर फुस्स होतं ते बरोबर आहे, हेडमधली (पिस्टनच्या वरच्या भागातली) अडकलेली हवा तिथून सोडली जाते म्हणजे पुढच्या वेळी मोटर भाराशिवाय सुरू होईल. पण ते फुस्स थांबतच नसेल तर बहुतेक टाकीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) धरत नाहीये, टाकीतली हवा उलटी येऊन तिथून बाहेर पडतेय, आणि बरेच जण अशा वेळी प्रेशर स्विचच बदलून मोकळे होतात. मशीनचा विजेचा प्लग काढा, टाकीतली सगळी हवा सोडा, मग नॉन-रिटर्न उघडून त्याची सीट (झडप टेकते ती जागा) साफ करा, कचरा किंवा काजळी अडकलेली असते.

लाइनवर साबणाचं पाणी. भांड्यांचं लिक्विड पाण्यात थोडं घालून जुन्या ब्रशने प्रत्येक जोडावर लावायचं आणि लगेच पुढे जायचं नाही, मिनिटभर थांबायचं, कारण बारीक गळतीला मोठे बुडबुडे येत नाहीत, पांढरा दाट फेस हळूहळू फुगत जातो. उलट फार मोठी गळती असली तर साबणाचा पापुद्रा उडून जातो आणि काहीच दिसत नाही, पण ती कानाला कळते. फॅन बंद करून, रात्री, रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं जोडांवरून फिरवलं तर आश्चर्य वाटेल इतकं ऐकू येतं. कारखान्यातली गळती शोधायची यंत्रं ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज पकडतात, आपला कान २० च्या पुढे जात नाही, तरी घरच्या कामाला कान पुरतो.

आता मुख्य गोष्ट, आटे. आपल्याकडे दुकानात जे पाव इंची, अर्धा इंची फिटिंग मिळतं ते बहुतेक बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या पाइप-आट्यांचं, त्याचे आटे ५५ अंशांचे, जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेल्या आट्याचे वारसदार. निमुळते आटे १६ ला १ या उताराने बारीक होत जातात म्हणून आवळताना घट्ट बसतात. पण घट्ट बसले तरी एका आट्याचं टोक आणि समोरच्या आट्याची खाच यांच्यात अतिशय बारीक फट राहते, आणि ती फट गोल जिन्यासारखी वळत वळत आतून बाहेरपर्यंत सलग जाते. पाणी एकवेळ त्यात गंज-क्षार धरून बंद होईल, हवा नाही होणार. टेफ्लॉन टेपचं काम हेच, ती फट भरणं, आणि शिवाय टेप गुळगुळीत असल्यामुळे आटे थोडे अजून आत सरकतात. (टेफ्लॉन १९३८ मध्ये रॉय प्लंकेटला शीतक वायूंवर काम करताना अनपेक्षितपणे सापडलं, आणि आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर त्याची रिळं पडलेली असतात, मला याचं फार अप्रूप वाटतं.)

टेप गुंडाळताना आट्याचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ओढून, तीन-चार वेढे, नाहीतर आवळताना टेपच उलगडत बाहेर येते. पहिला आटा मोकळा सोडायचा, कारण तिथली टेप तुटून लाइनमध्ये गेली की स्प्रे गनच्या नाहीतर रेग्युलेटरच्या बारीक वाटेत जाऊन बसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एल्बोचं (काटकोनी जोडाचं) तोंड सरळ यावं म्हणून आवळलेलं फिटिंग पाव फेरा मागे फिरवायचं नाही, टेप एकदा चिरडून जागेवर बसलेली असते, मागे घेतलं की तिच्यात वाट तयार होते. पुढे फिरवून जुळत असेल तर जुळवा, नाहीतर उघडून, आटे वायर ब्रशने साफ करून, नवी टेप. ज्यांना कोन हमखास जुळवायचाय त्यांनी टेपऐवजी अॅनएरोबिक थ्रेड सीलंट वापरावं, ते हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं, फक्त बाटलीवर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मगच दाब भरा.

आता एक घोटाळा जो हल्ली फार वाढलाय. ऑनलाइन मागवलेला रेग्युलेटर किंवा एअरब्रश कधी कधी एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या पाइप-आट्यांचा निघतो, त्याचा कोन ६० अंश. पाव इंचीत बीएसपीचे इंचाला १९ आटे आणि एनपीटीचे १८, त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांत अडकतं आणि वाटतं की बसलं. अर्ध्या इंचीत तर दोन्हीकडे १४ आटे, म्हणजे सगळं फिटिंग आत जातं पण कोन वेगळा, गळणारच, कितीही टेप गुंडाळा. इथे अॅडॅप्टर घ्या, जबरदस्ती केली तर रेग्युलेटरचं अॅल्युमिनियम तडकतं.

आणि सरळ, म्हणजे निमुळते नसलेले आटे? त्यांचा हवा अडवण्याशी संबंधच नाही, ते फक्त धरून ठेवतात. हवा अडते ती खांद्याखालच्या वायसरवर, तांब्याच्या किंवा रबर-लोखंड जोडलेल्या. तिथे टेप लावणं म्हणजे वेळ घालवणं, वायसर बदला, बसायची जागा पुसा, झालं.

पीयू पाइपच्या (लवचिक प्लास्टिक नळीच्या) पुश-फिट, म्हणजे नुसतं ढकलून बसवायच्या फिटिंगमध्ये गळती बहुतेक पाइपच्या टोकाची असते, पक्कडने तिरका कापलेला, दाबून अंडाकृती झालेला. धारदार ब्लेडने सरळ काटकोनात अर्धा इंच कापून टाका आणि शेवटपर्यंत आत ढकला. क्विक कपलरमधली (झटकन जोडायच्या-काढायच्या जोडातली) ओ-रिंग झिजते, ती काही रुपयांची गोष्ट आहे, अख्खा कपलर फेकू नका.

एक विनंती मात्र मनापासून, गळकी लाइन बदलताना घरात उरलेला पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी पाइप वापरू नका. पाण्याला तो चांगला, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ताकद साठवून ठेवते, आणि ठिसूळ पाइप फुटला की तुकडे उडतात. पाण्याचा पाइप फुटला तर जमीन ओली होते, इथे डोळा जातो.

टाकीचंही तसंच. पावसाळ्यात ३० अंशांच्या दमट हवेत घनमीटरला २०-२५ ग्रॅम पाणी असतं, दाबून गार झाल्यावर त्यातलं बहुतेक टाकीच्या तळाशी जमतं, म्हणून काम झालं की खालचा ड्रेन उघडायचाच. साबण लावताना टाकीच्याच पत्र्यावर किंवा वेल्डवर फेस आला तर तिथे एम-सील, वेल्डिंग काहीही नको, आतून पत्रा सगळीकडेच गंजून पातळ झालेला असतो. हवा पूर्ण सोडा, मोटर आणि हेड काढून ठेवा, टाकी भंगारात द्या, आणि देण्याआधी तिला ड्रिलने मोठं भोक पाडा म्हणजे ती पुन्हा कुणी मशीनला लावणार नाही.