ह्मोंग कथापट: छावणीत भरलेल्या कापडांची पार्श्वभूमी

लाओसच्या डोंगराळ भागातल्या ह्मोंग जमातीच्या बायकांचं भरतकाम फार जुनं. मूल पाठीला बांधायचं कापड, सणाचे घागरे, कॉलरी यांवर गोगलगाईच्या शंखाची वळणं, हत्तीचं पाऊल अशा नक्ष्या असत. माणसाची आकृती त्यात सहसा नसे.

माणसं कापडावर आली ती १९७५ नंतर, थायलंडच्या निर्वासित छावण्यांत. लाओसमधली सत्ता बदलली आणि अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या ह्मोंग कुटुंबांना मेकाँग ओलांडून पळावं लागलं. बान विनाई ही त्यांची सर्वांत मोठी छावणी. तिथे कसायला जमीन नव्हती, कामधंदा नव्हता. मदतीला आलेल्या संस्थांनी या भरतकामाला गिऱ्हाईक मिळवून दिलं. चित्र बहुधा पुरुष रेखून देत आणि बायका ते टाक्यांनी भरत. वर विमानं, खाली जळणारी घरं, मधून आडवी निळी नदी, बांबूच्या जुड्या धरून पोहणारी माणसं आणि पैलतीरावर गणवेशातले थाई शिपाई.

वाद पेटला तो रंगांवरून. ह्मोंग पोशाखात भडक गुलाबी, लाल, हिरवा असतो. विक्रीच्या कापडांत मात्र अमेरिकी दिवाणखान्याला शोभतील असे निळे, राखाडी, बदामी रंग आले. चित्रांखाली इंग्रजी ओळीही भरल्या जाऊ लागल्या. परंपरा बाटली, असं जाणकार म्हणू लागले. मला हा आक्षेप पटत नाही. अमेरिकेत सेंट पॉल किंवा फ्रेस्नो या शहरांत पोहोचलेले नातेवाईक हीच कापडं तिथे विकत आणि पैसे छावणीत पाठवत. मागे राहिलेल्यांच्या हाती पैसा येण्याच्या वाटा मोजक्याच होत्या. शिवाय आपण घर का सोडलं, हे परक्यांना सांगायचं तर त्यांच्या भाषेत सांगणं आलंच.

बान विनाई १९९२ मध्ये बंद झाली. त्याआधीच, १९८०च्या दशकात, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात चर्चच्या आधाराने वसलेल्या ह्मोंग बायकांना तिथल्या आमिश या साध्या, जुन्या वळणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या नामांकित गोधड्यांचं काम मिळू लागलं होतं. कापडावर कापड बेतून शिवण्यात त्यांचा हात बारीक चालायचा. पर्यटकांनी घेतलेल्या कितीतरी गोधड्यांचं हे काम त्यांनीच केलेलं होतं, पण दुकानात गोधडी आमिश म्हणूनच विकली जाई. आक्षेप घ्यायचाच होता, तर तो इथे घ्यायला हवा होता.