‘डिजिटल शाळा’ म्हणजे नक्की काय? थोडी मागची गोष्ट

सध्या वर्गात एआय आणायच्या गप्पा जोरात आहेत. त्यावर मत देण्याआधी आपल्या झेडपीच्या शाळेत स्क्रीन शिरली कशी ते बघायला हवं, कारण आज जो घोळ दिसतो त्यातला बराचसा 2015 ते 2018 या तीन-चार वर्षांतला आहे.

त्याआधीचं थोडक्यात. 1975-76 ला उपग्रहावरून खेड्यात टीव्ही पोचवायचा प्रयोग झाला, सहा राज्यांत, त्यात महाराष्ट्र नव्हता. मग 1984 ला पुण्यात मुलांसाठी मराठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था निघाली, बालचित्रवाणी, चाळिशीच्या पुढच्या लोकांना ती काय हे सांगायची गरज नाही. 2001 ला एमएस-सीआयटी हा सगळ्यांना माहीत असलेला संगणकाचा कोर्स आला आणि शिक्षकांना सक्तीचा झाला, मुदतीत पास झाला नाहीत तर वेतनवाढ अडकणार, वसुली होणार, त्यावरून वर्षानुवर्षं मुदतवाढीच्या मागण्या चालल्या. म्हणजे कित्येक गुरुजींची कॉम्प्युटरशी पहिली ओळख पगारकपातीच्या भीतीतून झाली, हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय.

2004 च्या केंद्राच्या योजनेतून हायस्कूलांत लॅब आल्या. ठेकेदाराने मशीन बसवायची, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायची. लॅबमधला शिक्षकही ठेकेदाराचाच, तुटपुंज्या मानधनावर. करार संपला की मशीन शाळेत आणि तो माणूस आझाद मैदानात, उपोषणाला. प्राथमिकला सर्व शिक्षा अभियानातून काही शाळांना संगणक मिळाले ते हेडमास्तरांच्या खोलीत कापडाखाली बसले, कारण ते दिवस लोडशेडिंगचे होते, शाळेच्या वेळेत वीज म्हणजे नशीब.

खरी गोष्ट सुरू होते 2013-14 च्या आसपास, ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या छोट्या शाळेपासून. तिथल्या शिक्षकांनी मुलांच्या हातात टॅब दिले, पेपरात बातम्या आल्या आणि गाड्या भरभरून शिक्षक बघायला जायला लागले. साताऱ्याकडे कुमठे बीटलाही (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) तशाच सहली चालू होत्या, पण ते वेगळं, तिथं फरशीवर रंगवलेले तक्ते, खडे, काड्या, मुलांनी हाताने करून शिकायचं. माझं स्पष्ट मत, कुमठ्याचं काम जास्त खोल होतं, पण फोटो टॅबचा छान येतो. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या, प्रत्येक मूल शिकलं पाहिजे म्हणणाऱ्या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि मग दोन्ही गोष्टी एकाच लाटेत सगळीकडे पोचल्या. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द तेव्हाचाच. तालुक्या-तालुक्यात कार्यशाळा, व्हॉट्सॲप ग्रुप, कुणी ब्लॉग काढतोय कुणी पीपीटी बनवतोय, पेनड्राईव्ह या शाळेतून त्या शाळेत फिरतोय... ते वातावरण खरंच भारी होतं, त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही.

गडबड झाली ती ‘डिजिटल शाळा’ या शब्दाची. तिची व्याख्या काय? प्रोजेक्टर असलेली शाळा डिजिटल, एलईडी टीव्ही असलेली डिजिटल, दोन टॅब असलेली पण डिजिटल, आणि पुढे ‘मोबाईल डिजिटल’ निघाली, म्हणजे गुरुजींच्याच मोबाईलपुढे भिंग बसवलेली चौकट ठेवायची, चित्र मोठं दिसतं, झाली शाळा डिजिटल! पटसंख्या बारा असलेल्या वस्तीशाळेत याने काम भागायचं हेही खरं, त्यामुळे सरसकट हसण्यासारखं नाही. पण केंद्रप्रमुखांच्या (केंद्र म्हणजे आसपासच्या काही शाळांचा गट) तक्त्यात रकाना एकच, डिजिटल आहे की नाही. आमच्या केंद्रात महिनाअखेरीला उरलेल्या सगळ्या शाळा एका आठवड्यात ‘आहे’ झाल्या होत्या. वरून केंद्र 100 टक्के, मग तालुका 100 टक्के, मग जिल्हा 100 टक्के डिजिटल जाहीर. साधन रोज किती वेळ चालू असतं हा रकानाच नव्हता, आणि पुढचे सगळे वाद त्या नसलेल्या रकान्यातून आले असं मला वाटतं.

शिवाय पैसा कुणाचा? मोठा भाग लोकवर्गणीचा. गावजेवणासारखी वर्गणी निघायची, मुंबई-पुण्याला कामाला असलेली पोरं पाठवायची, यात्रा कमिटी द्यायची, काही ठिकाणी ग्रामपंचायतीने 14 व्या वित्त आयोगातून दिले, आणि राहिलेले शिक्षकांनी खिशातून. काहींच्या मते हा लोकसहभाग, काहींच्या मते सरकारने खर्च अंगाबाहेर टाकला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण वर्गणी एकदाच निघते आणि लाईटबिल दर महिन्याला येतं. बिल भरायचं सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, ते वेळेवर येत नाही, आणि नंतर समग्र शिक्षा या केंद्र सरकारच्या योजनेतून 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान वर्षाला 10,000, त्यातच खडू, रंगरंगोटी, दुरुस्ती सगळं. मग थकबाकीमुळे मीटर कापलेल्या डिजिटल शाळांच्या बातम्या यायला लागल्या.

त्यात 2015 लाच ‘सरल’ आलं, शाळा-मुलांची सगळी माहिती ऑनलाइन भरायची सरकारी प्रणाली. मुलांसाठी शिकलेलं तंत्रज्ञान गुरुजी रात्री माहिती भरायला वापरायला लागले, सर्व्हर रात्रीच चालायचा ना. शेवटी शिक्षक संघटनांनी ऑनलाइन कामांवर बहिष्कार टाकला. आणि याच धामधुमीत, 2017 मधे, पुण्यातली ती 1984 ची संस्था बंद केली. मराठी कंटेंट नाही म्हणून सगळे ओरडत होते त्याच वर्षी!

त्याच सुमारास सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शिक्षकाची क्यूआर कोडची कल्पना पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचली, 5 सप्टेंबर 2017 ला ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचं शैक्षणिक साहित्याचं ॲप आलं आणि कोड त्याला जोडले गेले. डिसेंबर 2020 ला त्या शिक्षकाला 10 लाख डॉलरचं जागतिक बक्षीस मिळालं तेव्हा प्राथमिक शाळा मात्र बंद होत्या. कारण मधे कोविड. स्क्रीन वर्गातून उठून घरात गेली, घराघरात मोबाईल किती हा प्रश्न झाला. देशभरातल्या ग्रामीण पाहणीत शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेली 2018 ला 36.5 टक्के होती, 2020 ला 61.8. फोन असला तरी तो बापाच्या खिशात, बाप शेतात. जुलै 2020 पासून सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ हा मुलांचा शैक्षणिक कार्यक्रम लागायचा, म्हणजे फिरून टीव्हीवरच आलो. वर्गणीतून घेतलेले टॅब त्या दीड-दोन वर्षांत कपाटात पडून होते, उघडले तेव्हा बऱ्याच बॅटऱ्या फुगलेल्या.

आता निवडक शाळांना मोठे टच पॅनल येतात, बाकीच्यांकडे 2016 चा टीव्ही असेल तर आहे. 2023 च्या शेवटी हजेरी चॅटबॉटवर घ्यायची सुरुवात झाली, त्यावरूनही रेंज, जुना फोन, कुणाचा डेटा अशीच वादावादी झाली. आणि एआयच्या प्रशिक्षणाची लिंक आली की स्टाफरूममधे पहिला प्रश्न हाच असतो, ‘याचं पण कुठं भरायचंय का?’