‘थंड रक्ताचे’ या शब्दाची पार्श्वभूमी

सरडा, घोरपड, अजगर यांना मराठीत आजही सर्रास ‘थंड रक्ताचे’ म्हणतात. मात्र भर वाळवंटात फिरणाऱ्या सरड्याचे रक्त कित्येकदा ३८ अंशांवर असते, म्हणजे ते मोजणाऱ्या माणसापेक्षा गरमच.

जुनी मोजमापे पिंजऱ्यातली होती. तिथे ऊन-सावली निवडायची सोयच नसल्याने अंगाचे तापमान हवेइतके भरे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटातल्या नोंदी १९४४ साली प्रसिद्ध झाल्या आणि हा समज कोलमडला. बारीक फुग्याचा, झटपट चढणारा तापमापक घ्यायचा, सरडा पकडायचा आणि काही सेकंदांत अवस्करात (शेपटीच्या मुळाशी असलेल्या उत्सर्जन-प्रजननाच्या सामाईक पोकळीत) आकडा घ्यायचा, अशी ती रीत. सरडा मागच्या पायाला धरावा लागतो. चार-पाच ग्रॅमचा जीव मुठीत आवळला तर आकडा हाताचाच येतो. पळवून दमवलेला सरडाही बाद, कारण पाठलागात तो ऊन-सावली ओलांडून गेलेला असतो.

पाठ्यपुस्तकांनी ‘अनियततापी’ शब्द आणला. आमच्या मते तो जास्त फसवा. तापमान बदलते की नाही, एवढेच तो विचारतो. खोल समुद्रात पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असते, म्हणून तिथला मासा ‘नियततापी’ ठरतो. आणि शीतनिद्रेत गार पडणारे वटवाघूळ ‘अनियततापी’! पुढे १९६० च्या दशकात प्रश्नच बदलला: उष्णता येते कुठून? बाहेरून येत असेल तर बाह्यतापी, शरीरात तयार होत असेल तर अंतस्तापी. पेरूच्या अँडीजमधले, ४,००० मीटरहून उंचावरचे सरडे हवा गोठणबिंदूजवळ असतानाही उन्हावर अंग ३० अंशांच्या वर नेतात, ते या व्याख्येत नीट बसतात.

आपला अजगर मात्र तिथेही अडचण करतो. मादी अंडी उबवते, ही बातमी १८३० च्या दशकात पॅरिसच्या विद्वत्सभेने उडवून लावली. १८४१ मध्ये त्याच शहरात वेटोळ्यातली ऊब प्रत्यक्ष मोजली गेली. कारण कळायला १९६६ उजाडले: भारतीय अजगराची मादी स्नायू आचके देत आकसते, आणि हवा गार होईल तसे आचके वाढतात. म्हणजे बाह्यतापी, पण अंड्यांपुरती अंतस्तापी.

सरडा आपले तापमान किती काटेकोरपणे सांभाळतो, याचा हिशेब १९९३ पासून आकड्यात होतो. सरड्याच्या मापाचे पोकळ तांब्याचे पुतळे त्याच रंगछटेत रंगवून, आत तापमापक ठेवून अधिवासात मांडतात; जागा न निवडणाऱ्या सरड्याचे अंग किती तापेल, ते त्यातून कळते. पसंतीच्या तापमानापासून पुतळे सरासरी ५ अंश दूर आणि जिवंत सरडे १ अंश दूर असतील, तर १ वजा १/५, म्हणजे ०.८. शून्याजवळचा आकडा म्हणजे सरडा जागा निवडतच नाही. घोळ होतो तो पुतळे मांडताना. खडकाच्या फटी आणि झुडपांचे बुंधे सोडून नुसत्या उन्हातल्या जागा घेतल्या, तर भाजक (इथला ५, म्हणजे पुतळ्यांचे अंतर) हकनाक फुगतो आणि ऐसपैस लोळणारा सरडाही काटेकोर ठरतो.