छातीवरची दुर्बीण आणि चालण्याचा ठेका

"काका, हा हार्नेस घातला ना, की दुर्बिणीचं वजन निम्मं होतं."

सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत पक्षी बघायला गेलो होतो, तेव्हा आमच्या गटातल्या कॉलेजच्या एका मुलीनं मला हे अगदी खात्रीनं सांगितलं. तिच्या दोन्ही खांद्यांवरून रुंद पट्टे आले होते, पाठीवर त्यांची फुली झाली होती आणि दुर्बीण छातीच्या मधोमध घट्ट बसली होती. माझी दुर्बीण नेहमीच्या पट्ट्यावर गळ्यात लोंबत होती. तिनं जाहिरातीत वाचलं होतं, आणि तिला अंगावरही तसंच जाणवत होतं. मी म्हटलं, "घरी गेलीस की वजनकाट्यावर उभी राहा. एकदा दुर्बीण गळ्यात घालून, एकदा हार्नेसमध्ये." रात्री तिचा मेसेज आला: हार्नेसमध्ये दोनशे ग्रॅम जास्त भरतात. ते अर्थात हार्नेसचंच वजन.

तरीही तिला हलकं वाटत होतं हे खोटं नाही. हार्नेस वापरणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच सांगतो. मग वजन कमी झालं नसेल, तर नेमकं काय कमी होतं? या प्रश्नाचं उत्तर मला इतकं आवडतं, की त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

छातीवर, हार्नेसलाच जोडलेल्या झाकणाच्या पिशवीत दुर्बीण ठेवायची पद्धत सर्वांत जास्त रुळली आहे ती अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या शिकाऱ्यांमध्ये. ॲरिझोना, वायोमिंग, मोंटाना इथल्या मोकळ्या डोंगरांवर म्यूल डिअर किंवा एल्क ही हरणं शोधायची, तर बंदुकीपेक्षा दुर्बीण जास्त वेळ हातात असते. तासन्‌तास एका जागी बसून समोरचा उतार इंच इंच न्याहाळायचा, जनावर दिसलं की मग पोटावर सरपटत जवळ जायचं. गळ्यातली दुर्बीण अशा वेळी दगडावर आपटते, आणि धनुष्य वापरणाऱ्यांच्या तर दोरीतच अडकू शकते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. पण पक्षिनिरीक्षकाचं काम बघा: तेवढंच चालणं, तेवढंच थांबणं, तेवढंच न्याहाळणं. सलीम अलींचा पक्ष्यांकडे ओढा सुरू झाला तोही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून. शिकाऱ्याची अवजारं पक्षिमित्राकडे येणं यात नवल नाही.

आधी मानेचा हिशोब उरकू. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगांची, चांगली दुर्बीण साधारण ७०० ग्रॅम भरते. ती पाठीच्या कण्यापासून सुमारे २० सेंटिमीटर पुढे असते, आणि तिला तोलून धरणारे पाठीचे स्नायू कण्याच्या मागे चार-पाच सेंटिमीटरवर असतात. शाळेतली तरफ आठवा. भाराचा हात बलाच्या हातापेक्षा चार-पाच पट लांब, म्हणून त्या ७०० ग्रॅमसाठी स्नायूंना तीन किलोच्या आसपास ओढ लावावी लागते. हार्नेसमुळे हे गणित बदलत नाही, कारण दुर्बीण अजूनही छातीसमोरच असते. जाड फोमच्या पिशवीत ती आणखी दोन सेंटिमीटर पुढे जाते, म्हणजे पाठीच्या दृष्टीनं किंचित तोटाच.

फायदा होतो तो दाबाचा. कंपनीकडून येणारा बारीक पट्टा मानेच्या मुळाशी, जिथे मणक्याचं टोक हाताला लागतं, नेमका तिथेच रुततो. त्याचा त्वचेला टेकलेला भाग पंधरा चौरस सेंटिमीटर धरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ४७ ग्रॅमचा भार येतो. अडीच सेंटिमीटर रुंदीचे दोन पट्टे खांद्यांवर विसावले, की तेच वजन पाचपट क्षेत्रावर पसरतं आणि भार नऊ-दहा ग्रॅमवर उतरतो. भाजीच्या पिशवीचे बंद बोटांत रुततात आणि तीच पिशवी काखेत मारली की काही वाटत नाही, तसंच हे.

पण एवढ्यानं माझं समाधान झालं नव्हतं. गळ्यातला पट्टा रुंद घेतला तरी चार तासांनी मान भरूनच येते, आणि बसून राहिलं तर तेवढी येत नाही. म्हणजे गोम चालण्यात आहे.

पुढचा प्रयोग घरी जरूर करा. अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली सुतळीला बांधा. वर जिथून टांगली आहे तिथपासून बाटलीतल्या पाण्याच्या मध्यापर्यंत अंतर ३० सेंटिमीटर ठेवा. हलका झोका देऊन दहा हेलकावे मोजा (जाऊन परत आली की एक). अकरा सेकंद लागतील. बाटली अर्धी रिकामी केली, तरी अंतर तेवढंच ठेवलंत तर अकराच लागतील. लंबकाचा दोलनकाल वस्तूच्या वजनावर नाही, लांबीवर ठरतो. ३० सेंटिमीटरच्या लंबकाचा एक हेलकावा म्हणजे १.१ सेकंद.

आता स्वतःचं चालणं मोजा. सपाट वाटेवर बरेच जण मिनिटाला ११० च्या आसपास पावलं टाकतात. उजव्या पावलावर भार आला की धड किंचित उजवीकडे झुकतं, डाव्यावर आला की डावीकडे. म्हणजे डावं-उजवं मिळून शरीराचा एक आडवा झोका दोन पावलांत पूर्ण होतो. दोन पावलांना लागणारा वेळ: १.१ सेकंद.

तोच आकडा! गळ्यापासून तीस-पस्तीस सेंटिमीटरवर लोंबणारी दुर्बीण हा एक लंबक आहे, आणि त्याला आपण नेमक्या त्याच्याच ठेक्यात दर वेळी एक धक्का देत असतो. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून गहू निवडत बसणारी आजी हेच करते. ती जोर लावत नाही, फक्त वेळ साधते. पाळणा परत येऊन पुन्हा निघण्याच्या क्षणी अंगठा हलतो, आणि तेवढ्यावर बाळासकट पाळणा हलत राहतो. विज्ञानात याला अनुनाद म्हणतात. धक्का लहान असला तरी चालतो, तो वेळेवर यावा लागतो.

हाच आडवा झोका लंडनमधल्या मिलेनियम पुलाला भोवला. १० जून २००० रोजी थेम्सवरचा हा पादचारी पूल उघडला आणि गर्दी झाल्यावर आडवा डोलू लागला. डोलणाऱ्या पुलावर तोल सांभाळायला माणसं नकळत त्याच ठेक्यात पावलं टाकू लागली, त्यानं डोलणं आणखी वाढलं. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला आणि हेलकावे जिरवणारे डँपर बसवून तो २००२ मध्ये पुन्हा खुला झाला. एवढा पोलादी पूल जे सहन करू शकला नाही, त्याच ठेक्याचे धक्के आपली मान दुर्बिणीसह तासन्‌तास झेलते.

सपाटीवर एक गोष्ट आपल्या बाजूनं असते. दुर्बीण शर्टाला घासते आणि त्या घर्षणात हेलकाव्याची ऊर्जा जिरते. चढावर आपण पुढे वाकतो, दुर्बीण छातीपासून सुटते आणि घर्षण संपतं. चढावर पावलंही मंदावतात. मिनिटाला ९० पावलं धरली तर दोन पावलांना १.३३ सेकंद लागतात, आणि या ठेक्याशी जुळणारी लांबी निघते ४४ सेंटिमीटर. दुर्बीण पोटाशी रुळावी म्हणून पट्टा लांब सोडणारे गड चढताना नेमके या सापळ्यात असतात. शेवटी ते एका हातानं दुर्बीण धरून चढतात, म्हणजे आधाराला एकच हात उरतो. घसरड्या वाटेवर हे धोक्याचं आहे. हार्नेस घ्यायचा नसेल, तर निदान पट्टा आखूड करा. लांबी १५ सेंटिमीटर केली की दोलनकाल ०.७८ सेकंदावर येतो, आणि तो पावलाच्या ठेक्याशीही जुळत नाही, दोन पावलांच्याही नाही.

हार्नेस जास्त मुळाशी जातो. त्याचे खालचे पट्टे काखेखालून मागे जातात आणि दुर्बिणीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. आता तिला मध्यावर परत आणणारं बल फक्त गुरुत्वाकर्षणाचं राहत नाही, त्यात पट्ट्यांच्या ताणाची भर पडते. परत आणणारं बल वाढलं की दोलनकाल घटतो, ठेका चालण्यापासून दूर जातो, आणि अनुनाद सुटतो. जाहिरातीनं 'कमी वजन' म्हणून विकलेली गोष्ट ही आहे. कमी झालेत ते धक्के.

मात्र बाजारातले बरेच हार्नेस इलॅस्टिकचे असतात, आणि तिथे दुसरा ठेका आडवा येतो, तो वर-खाली होण्याचा. स्प्रिंगला टांगलेलं वजन स्प्रिंगला जेवढं ताणतं, तेवढ्या लांबीच्या लंबकाचा जो दोलनकाल, तोच त्या वजनाच्या वर-खाली उडण्याचा. लंबकाच्या सूत्रात दोरीची लांबी असते, स्प्रिंगच्या सूत्रात त्या जागी ताण येऊन बसतो, बाकी सूत्र तेच. मला हे भौतिकशास्त्रातलं सर्वांत देखणं साम्य वाटतं. चालताना शरीर दर पावलाला एकदा वर-खाली होतं, म्हणजे दर ०.५५ सेकंदाला. सूत्र उलटं मांडलं की ताण निघतो साडेसात सेंटिमीटर. दुर्बिणीच्या वजनानं जे इलॅस्टिक सात-आठ सेंटिमीटर ताणतं, ते प्रत्येक पावलाला तिला नाचवणार. एक-दोन सेंटिमीटरच ताणत असेल, तर दोलनकाल पाव सेकंदाच्या आसपास राहतो आणि नाच होत नाही. इलॅस्टिकचा ताण वजनाच्या अगदी सरळ प्रमाणात नसतो, पण निवडीसाठी एवढा अंदाज पुरतो. दुकानात हार्नेस खिळ्याला अडकवा, दुर्बीण लावा आणि पट्टी धरून ताण मोजा.

मग कडक इलॅस्टिक घ्यावं का? ते घेतलं तर डोळे आणि हात तक्रार करतात. ७०० ग्रॅमला सात सेंटिमीटर ताणणारं मऊ इलॅस्टिकसुद्धा प्रत्येक सेंटिमीटरला शंभर ग्रॅम ओढ लावतं. दुर्बीण डोळ्यांपर्यंत नेताना ते पंधरा सेंटिमीटर ताणलं गेलं, तर हातांना दुर्बिणीखेरीज दीड किलोची ओढ पेलावी लागते. हात थरथरतो, आणि ८× ची दुर्बीण ती थरथरही आठपट करून दाखवते. इलॅस्टिक नाचतं तरी, नाहीतर हाताशी भांडतं तरी.

म्हणून माझी निवड दोन प्रकारांतलीच राहिली आहे. एकात न ताणणारी नायलॉनची पट्टी कडीतून सरकते. दुर्बीण उचलली की पट्टी सरकून वाट देते, सोडली की परत बसते. दुसरा प्रकार शिकाऱ्यांच्या पिशवीचा, आणि त्यातली युक्ती मला फार पटते. वाहून नेणं पिशवीचं काम, बघणं हातांचं. दुर्बीण पिशवीतून मोकळी बाहेर येते, पडू नये म्हणून फक्त एका सैल दोरीनं बांधलेली असते. दोन्ही प्रकारांत पाठीवरची फुली खांद्याच्या फऱ्यांच्या मधोमध यायला हवी. ती वर मानेकडे सरकली, तर भार पुन्हा त्याच मणक्यावर येतो. पाठीवर सॅक घेणार असाल, तर फुलीच्या जागी प्लॅस्टिकची कडी नसलेला हार्नेस बघा, नाहीतर सॅकखाली ती दिवसभर टोचते.

पिशवीचं झाकण कसं बंद होतं हेही बघा. वेल्क्रोचा 'खर्रर्र' आवाज शांत जंगलात लांबवर जातो. म्हणून पुष्कळ पिशव्यांना चुंबक लावतात. चुंबकाजवळ होकायंत्र चुकतं, फोनमधलंही. पिशवीच्या खिशात ठेवलेला फोन नकाशावर भलतीच दिशा दाखवू लागला, तर कारण बहुधा हेच. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी चुंबकाची पिशवी घेऊच नये. पेसमेकर बहुतेकांना गळपट्टीच्या हाडाखाली छातीवरच असतो, आणि चुंबक त्यापासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवायला सांगतात.

चुंबकाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. चुंबकाचे पट्टे आणि कडी 'रक्तातलं लोह ओढून रक्ताभिसरण सुधारतात' म्हणून आपल्याकडे आजही विकली जातात. रक्तातलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं नसतं. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर ढकललं जातं आणि ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं, हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनी १९३६ मध्येच मोजून दाखवलं. पेसमेकरला चुंबकाची बाधा होते ती त्यातल्या विद्युत-यंत्रणेमुळे. तब्येतीसाठी चुंबकावर पैसे घालवू नका.

शेवटचा मुद्दा हवेचा. बंद पिशवी कोरड्या, धुळीच्या मुलखात शोभते. मे महिन्यात ताडोब्याच्या जिप्सीत तिच्याइतकी चांगली सोय नाही, दुर्बीण पावडरीसारख्या धुळीतून सहीसलामत परत येते. पण जुलैत भीमाशंकरला किंवा आंबोलीला तीच पिशवी घातक ठरते. फोम ओला होतो, दिवसचे दिवस वाळत नाही, आणि आतल्या दमट अंधारात भिंगांवर बुरशीचं जाळं धरतं. एकदा ती भिंगाच्या लेपात शिरली, की पुसून जात नाही. माझ्या एका जुन्या दुर्बिणीचं उजवं भिंग असंच गेलं. तेव्हापासून पिशवी फेब्रुवारी ते मे वापरतो, पावसाळ्यात नुसते सरकते पट्टे. परतलो की दुर्बीण कोरड्या फडक्यानं पुसून, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि पट्टे बाल्कनीत वाळत टाकतो.