काना लिपीचे संगणकीय संकेतन

जपानी भाषेतील हिरागाना व काताकाना या अक्षरलिपींच्या चिन्हांना संगणकासाठी ठरावीक अंक नेमून देण्याची पद्धत. (देवनागरीतील ‘काना’ या चिन्हाशी या नावाचा संबंध नाही.)

संकेतसारण्यांत ही चिन्हे बहुधा ‘गोजूओन’ क्रमाने येतात : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम चिनी उच्चारकोशांच्या अभ्यासातून घडला असे एक मत आहे. बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीतील संस्कृत अध्ययनातून तो आला असे दुसरे. जपानी ‘हा’चा प्राचीन उच्चार ‘पा’ होता असे मानतात आणि तो ना व मा यांच्या मध्ये, म्हणजे नेमका प-वर्गाच्या जागी येतो. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

१९६९ च्या जपानी औद्योगिक मानकात (पुढे ‘जिस एक्स ०२०१’) ए१ ते डीएफ या षोडशमान (सोळाच्या पायावरील; दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरे) संकेतांवर काताकाना व काही विरामचिन्हे मिळून ६३ चिन्हे बसवली गेली. हिरागानाला त्यात जागा नव्हती. घोष ध्वनीची खूण (दाकुतेन) स्वतंत्र ठेवल्याने ‘गा’साठी ‘का’ (बी६) आणि खूण (डीई) असे दोन संकेत लागत. १९७८ च्या द्विबाइट (दर चिन्हाला दोन बाइट, म्हणजे आठ बिटांचे दोन गट, देणाऱ्या) मानकात ८३ हिरागाना व ८६ काताकाना चिन्हे आली आणि ‘गा’ला स्वतःचा संकेत मिळाला.

१९८० च्या दशकारंभीच्या ‘शिफ्ट जिस’ या संकेतनपद्धतीने जुन्या ६३ जागांना धक्का न लावता द्विबाइट चिन्हे उरलेल्या पट्ट्यांत सरकवली. या तडजोडीची किंमत मोठी होती. काताकाना ‘सो’चा संकेत ८३-५सी असा झाला, ५सी हा एरवी उलट्या तिरक्या रेघेचा (बॅकस्लॅश) आणि या रेघेला आज्ञावल्यांत खास अर्थ असतो, म्हणून अनेक आज्ञावल्या ‘सो’पाशी अडखळत.

युनिकोडमध्ये (जगातील लिपींसाठीच्या सामाईक संकेतसारणीत) हिरागाना ३०४० पासून, काताकाना ३०ए० पासून आहे. ‘गा’ येथे अखंडही लिहिता येतो आणि ‘का’ व जोडखूण असा सुटाही. प्रमाणीकरणाच्या (एकच चिन्ह लिहिण्याच्या वेगवेगळ्या रीती एकसारख्या करण्याच्या) ‘एनएफसी’ रूपात तो अखंड होतो. देवनागरीतील क़, ख़ यांचा नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मात्र त्याच रूपात सुटा होतो. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचे अंक बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) नेहमीच्या काना चिन्हाला ३ बाइट लागतात.

१९०० च्या शालेय नियमांनी वगळलेल्या पर्यायी हिरागाना रूपांपैकी (हेन्ताइगाना) २८५ चिन्हे २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली.