ग्रँड कॅन्यनला जुलैत जाताय? आधी सायकलचा पंप आठवा

मे-जून आला की ओळखीतल्या दोन-तीन घरांत तरी हा विषय निघतोच, आईबाबा मुलांकडे अमेरिकेला निघालेत, तिकडे नातवंडांना सुट्टी आहे, मग गाडी काढायची आणि लास वेगस करून ग्रँड कॅन्यन. यंदा माझ्या मावसभावाचा नंबर. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर सगळा प्लॅन पाठवला, त्यात एक ओळ होती, "दुपारी वर ऊन असणार, तेव्हा खाली नदीकडे उतरू, दरीत गार असेल." वाचलं आणि सरळ फोन लावला. कारण या समजुतीपायी तिथे माणसं दगावलेली आहेत, आणि ती चूक का हे सांगायचं तर माझ्या अत्यंत आवडत्या भौतिकशास्त्रात शिरावं लागतं, फोनवर ते नीट जमलं नाही म्हणून इथे लिहितोय.

समजूत कुठून येते ते कळतं. आपल्या सह्याद्रीत घळीत उतरलं की झाडी, ओढा, सावली, बरं वाटतंच. पण अ‍ॅरिझोनातली ही दरी सव्वा-दीड किलोमीटर खोल आहे, कोरडी आहे, आणि तिच्यावरचं पठारच मुळात उंचावर आहे. बहुतेक लोक जातात तो साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिणेकडचा काठ, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,100 मीटरवर, तळाशी कोलोरॅडो नदी सुमारे 750 मीटरवर. फरक 1,350 मीटर. म्हणजे जवळपास आपल्या महाबळेश्वरच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीएवढा! जुलैत साउथ रिमवर दिवसाचं कमाल तापमान सरासरी 29 अंशांच्या आसपास, छान हवा. त्याच दुपारी तळाशी सरासरी 41. रात्रीसुद्धा वर 12 आणि खाली 26. एकाच पार्कात एकाच तारखेला महाबळेश्वर आणि मे महिन्यातलं जळगाव.

आता मजा बघा. शाळेत शिकवतात की गरम हवा वर जाते. मग वर गरम आणि खाली गार असायला हवं ना? हा प्रश्न मला आठवीत पडला होता आणि बरीच वर्षं पुरला.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागतो. काही अंशी घर्षण असतं, पण मुख्य कारण हे की आपण हवा दाबतो, दाबताना काम करतो, आणि ते काम हवेच्या रेणूंच्या हालचालीत जमा होतं, म्हणजे तापमान वाढतं. उलट डिओचा स्प्रे मारला की बाहेर येणारा फवारा गार लागतो, त्यात द्रव उडून जाण्याचाही भाग आहे, पण वायू पसरला की गार होतो हे खरंच. आता असा विचार करा की दुपारी रिमवरची एक मोठी पिशवीभर हवा खाली नदीपर्यंत आली. तळाशी वरच्यापेक्षा हवेचा दाब साधारण 16 टक्के जास्त. पिशवी दाबली गेली, हवा गरम झाली. बाहेरून कोणी चूल पेटवली नाही, नुसती दाबली. तीच पिशवी परत वर नेली की पसरेल, आजूबाजूच्या हवेला ढकलताना स्वतःची उष्णता खर्च करेल आणि पुन्हा 29 वर येईल. गरम हवा वर जाते हे बरोबरच आहे, फक्त वर जाता जाता ती गार होते, एवढं शाळेत सांगायचं राहून जातं.

किती गार? याचं उत्तर इतकं सुंदर आहे की राहवत नाही. गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, 9.8, घ्या आणि त्याला हवेच्या स्थिर दाबावरच्या विशिष्ट उष्णतेने भागा, ती एका किलोला एका अंशासाठी सुमारे 1,005 ज्यूल. उत्तर येतं मीटरमागे 0.0098 अंश, म्हणजे किलोमीटरला 9.8. बस, दोन आकडे. पृथ्वी केवढी ओढते आणि हवा तापायला किती हट्टी, एवढ्यावर सगळं ठरतं, दरी कोणत्या दगडाची याचा संबंधच नाही. 1.35 किलोमीटरला गुणा, 13.2 अंश. प्रत्यक्षातला फरक 12. कागदावर दोन ओळींत केलेलं गणित एवढ्या अवाढव्य दरीत जाऊन लागू पडतं, मला तर दर वेळी अंगावर काटा येतो.

कुणी म्हणेल, पण हवा खरंच वरखाली फिरते का? दुपारी फिरते. ऊन हवेला फारसं तापवत नाही, जमिनीला तापवतं, जमीन हवेला. तळाची हवा किलोमीटरला 9.8 च्या हिशोबापेक्षा जास्त तापली की हलकी होऊन वर उठते, तिच्या जागी वरची येते, असं घुसळण चालू राहतं जोपर्यंत फरक त्या आकड्याशी येऊन थांबत नाही. ताक घुसळल्यासारखं, फक्त ताक सगळीकडे सारख्या तापमानाचं होतं आणि हवा सारख्या तापमानाची न होता सारख्या हिशोबाची होते. हे वाक्य जड गेलं तर परत वाचा, सगळी गंमत त्यातच आहे. पावसाळ्यात आपल्या घाटात हा आकडा कमी असतो, कारण वर चढणाऱ्या दमट हवेत वाफेचं पाणी होतं आणि वाफेत साठलेली उष्णता सुटून हवेला थोडी परत मिळते. कोरड्या वाळवंटात ती सूट नाही.

आता शरीराकडे. घामाचं एक लिटर पाणी त्वचेवरून उडालं की सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. नागपूरला डेझर्ट कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही ते याचमुळे, कोरडी हवा पाणी पटकन उचलते. कॅन्यनमध्ये ती इतक्या पटकन उचलते की शर्ट ओला होतच नाही आणि माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाहीये. टोपीवर पांढरे मिठाचे डाग दिसले की कळतं. मग लोक घाबरून नुसतं पाणी पीत सुटतात, तेही वाईट, कारण घामातून मीठ गेलेलं आणि वरून साधं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, पुढे फिट्ससुद्धा. पाण्याबरोबर खारं खाणं हवंच, चिवडा, खारे दाणे, मीठ घातलेलं लिंबू सरबत, आपल्याकडचं सगळं इथे उपयोगी आहे. आणि जिथे पाणी मिळेल तिथे शर्ट आणि टोपी भिजवून घालायची, म्हणजे कूलरचं काम शरीराच्या पाण्याऐवजी नळाचं पाणी करतं.

दुसरी गोष्ट, गडावर जाताना आपण आधी चढतो, दमलो की तिथूनच परत फिरतो. इथे आधी उतरायचं असतं, पाय ताजे असतात, सोपं वाटतं, आणि खरा चढ शेवटी, तोही दिवसाच्या सगळ्यात गरम वेळी. उतरायला लागतो त्याच्या साधारण दुप्पट वेळ चढायला धरायचा. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचं नाही असं पार्कवाले स्वतःच सांगतात, आणि उन्हाळ्यात सकाळी 10 ते दुपारी 4 दरीत चालू नका असंही.

जाता जाता एक. या दरीतल्या सुळक्यांना विष्णू टेंपल, शिव टेंपल, ब्रह्मा टेंपल अशी नावं आहेत, आणि ती दाखवून "अमेरिकेत प्राचीन हिंदू मंदिरं" म्हणून फॉरवर्ड फिरतात. ती मंदिरं नाहीत, नैसर्गिक खडक आहेत. 1880 च्या आसपास क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाला ते आकार भव्य वाटले आणि त्याने पूर्वेकडच्या देवांची नावं देण्याची पद्धत पाडली. तळाशी काळा विष्णू शिस्ट खडक आहे, तो सुमारे 170 कोटी वर्षं जुना. एवढं खरं आश्चर्य समोर उभं असताना खोटं कशाला पसरवायचं मला समजत नाही. जवळच्या सेडोना गावात "ऊर्जेचे भोवरे" दाखवायच्या टूर विकतात, त्यालाही पैसे घालवू नका, तिथले लाल खडक फुकटात बघा.

मावसभावाचा प्लॅन शेवटी असा बदलला. मुक्काम साउथ रिमवर. पहाटे उजाडायच्या आत ब्राइट एंजल ट्रेलवर, फक्त दीड मैलाच्या रेस्टहाउसपर्यंत, म्हणजे सुमारे 350 मीटर खाली, आणि तिथूनच परत, दहाच्या आत वर. निघायच्या आदल्या दिवशी ट्रेलवरचे नळ चालू आहेत का बघायचं, कारण दरीतली पाण्याची पाइपलाइन जुनी आहे आणि वारंवार फुटते. मावशीने रिमवरच थांबायचं, तिथे शटल बस आहे. जुलैत दुपारी तिथलाही मान्सून असतो, गडगडाट सुरू झाला की कड्यावरून आत. नदीत पोहायचं नाही, प्रवाहाला जोर आहे आणि वरच्या धरणातून सुटलेलं पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं. घड्याळाचंही बघायला सांगितलं, अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात वेळ पुढे करत नाही, शेजारचं युटा करतं.

एक काम मात्र मी त्याच्या मुलीला दिलंय, ती नववीत आहे. दुपारी तीनला रिमवर सावलीत बसून नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर रिमचं आणि तळाच्या फँटम रँचचं तापमान बघायचं, वजाबाकी करायची आणि 1.35 ने भागायचं. सकाळचा आकडा घेऊ नकोस म्हटलं, तेव्हा हवा घुसळलेली नसते. ढग नसलेल्या दुपारी उत्तर नऊ-दहाच्या आसपास आलं तर मला तिथूनच फोन कर, आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले असतील, तरी कर.